चातुर्मासातला कांदा

‘आमच्यात चालत नाही.’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते तालुक्याच्या मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी. माझी आई तिथे लग्नांची भांडी घासायची. एकदा आचाऱ्याची गडबड बघून तिने भाताचं पातेलं उतरवायला हात पुढे केला. तो हसतच म्हणाला, ‘तू खरकट्यापर्यंत थांब, बाई. पुढचं आमच्यात चालत नाही.’ आम्ही बौद्ध. पंगतीचा उरलेला भात घरी यायचा, तोच आमचा सण. त्या भातावर मी इंजिनियर झालो. आमच्या घरात कॉलेज बघितलेला पहिला मीच, आणि हे मी मान वर करून सांगतो.

दुसऱ्यांदा ते वाक्य ऐकलं फ्रान्समध्ये, काकांच्या तोंडून.

काका म्हणजे स्टुटगार्टच्या आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने मराठी इंजिनियर, मूळचे पुण्याचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नवा मुलगा आला की आधी आडनाव, मग गाव, तरी उमगलं नाही तर ‘म्हणजे नक्की कुठले?’ तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सहली तेच काढायचे. मिटलेली छत्री उंच धरून पुढे चालायचे. ‘आल्झो मंडळी, माना वर!’ आल्झो म्हणजे जर्मनमधलं ‘तर मग’. बाकीच्या बायकांना ते काकू म्हणत. आईला मावशी. पुण्याला त्यांच्या घरी धुण्याभांड्याला येणारीही मावशीच असणार.

आई माझ्याकडे राहायला आली होती तेव्हाची ही स्ट्रासबर्गची सहल. जर्मनीच्या सीमेवरच्या केल गावाहून ट्राम धरली, ऱ्हाइन ओलांडली, की फ्रान्स. कॅथीड्रलसमोर काकांनी छत्री वर केली. ‘मनोरा एकच. दुसरा राहूनच गेला. कंत्राटदार आपल्याकडचा असणार!’

सगळे हसले. आई वर बघत राहिली. ‘एवढी दगडं कुणी वाहिली असतील रं?’ तिने मला विचारलं.

‘मावशी, हे तुम्हालाच सुचायचं,’ काका म्हणाले. सगळे त्यालाही हसले.

आईने पहाटे उठून सगळ्यांपुरत्या भाकऱ्या आणि वांग्याचं भरीत केलं होतं. लोकांना आपल्या हातचं ती आयुष्यात पहिल्यांदाच वाढणार होती. सकाळपासून डबा तिने मलासुद्धा धरू दिला नव्हता. नदीकाठच्या बाकांवर सगळ्यांनी घेतलं, मागून घेतलं. ती काकांपाशी गेली, तर त्यांनी हात मागे घेतला.

‘आमच्यात चालत नाही हो. चातुर्मास. कांदा, वांगं, काहीच नाही.’

आईने मान डोलावली. चातुर्मास तिला कळतो.

अर्ध्या तासाने काका समोरच्या हॉटेलात बसले होते. पापडासारखी पातळ, कडक पोळी, तिच्यावर कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे. सोबत पांढरी वाइन. ‘इथलं चाखलं नाही तर सहल कसली?’

परतीच्या ट्राममध्ये आई एवढंच म्हणाली, ‘कांदा तर त्यात बी होता.’ शिळी भाकरी ती कधी टाकत नाही. काकांच्या वाटची तिने टाकली.

पुढे काकांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं गेलं नाही. त्या वयात दुसरीकडे कोण घेतंय? मी मात्र त्याच वर्षी घर घेतलं. इथे जर्मनीत भाड्याचं घर सोडताना स्वयंपाकघरसुद्धा उचकटून न्यावं लागतं, ओटा, शेगडी, सिंक, सगळं. नव्या माणसाला नुसत्या भिंती मिळतात. काकांचं स्वयंपाकघर मीच विकत घेतलं आणि माझ्या घरात बसवलं.

पुण्याला कायमचं परतायच्या आदल्या दिवशी ते ओट्याखालचा एक राहिलेला खण द्यायला आले. आई तेव्हा माझ्याकडेच होती.

‘जेवलात का?’ तिने विचारलं.

काकांनी हातातला खण ओट्यावर ठेवला. त्यांच्या घरात शेगडीच उरली नव्हती.

आईने त्यांच्याच शेगडीवर तवा ठेवला. भरीत वाढताना थांबली. ‘कांदा हाय. चालंल?’

‘चालेल, मावशी.’

खाली बघून जेवले. दुसरी भाकरी मागून घेतली. जेवण झालं तशी आई सवयीने ताट उचलायला वाकली.

‘राहू दे, आई,’ मी म्हणालो. ‘काका, सिंक तुमचंच आहे. गरम पाणी डावीकडे.’

काका उठले. आमच्याकडे पाठ करून बराच वेळ घासत राहिले.

ते गेले, पुन्हा भेट नाही. मंडळात अजून त्यांच्या छत्रीची, विनोदांची आठवण निघते. मला वेगळी आठवण आहे. माझ्या घरात, माझ्या आईच्या हातचं जेवून, त्यांनी आपलं ताट आपल्या हाताने धुतलं.