लाटेवरची माणसं

लाल दिव्याच्या मंद उजेडात, रसायनात बुडवलेल्या कोऱ्या कागदावर आधी एक करडी लाट उमटली, आणि मग हळूहळू त्या लाटेवर, एका लांब फळीवर उभा असलेला, खांद्यापर्यंत केस रुळणारा एक माणूस… मी आठ वर्षांची होते. समुद्र अजून पाहिलाच नव्हता. नारायण पेठेतल्या आत्याच्या फोटो स्टुडिओतली ती अंधारी खोली – तिथला आंबूस वास, दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले ओले फोटो, आणि माझ्या खांद्यावर विसावलेला तिचा गार हात.

"हा पडत कसा नाही?" मी विचारलं.

"पडतो की. दहादा पडतो. मी अकराव्या वेळी फोटो काढते."

तरुणपणी आत्या तीन महिने गोव्याच्या किनाऱ्यावर राहिली होती. घरदार, नोकऱ्या सोडून आलेली परदेशी मुलं तिथे झावळ्यांच्या झोपड्यांत राहत आणि दिवसभर फळ्या घेऊन लाटांशी खेळत. ही कमरेएवढ्या पाण्यात, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पुढच्या लाटेची वाट पाहत उभी. परतल्यावर त्याच फोटोंवरून तिचं ठरलेलं लग्न अडलं. मुलाकडच्यांनी निरोप धाडला – सगळं जाळून टाका, आम्हीही विसरू. आजोबांचंही तेच म्हणणं पडलं. आत्याने निगेटिव्हचा पत्र्याचा डबा उचलला आणि ती मैत्रिणीकडे राहायला गेली. हे बाबांनी मला फार उशिरा, मान खाली घालून सांगितलं.

पुढे आयुष्यभर तिने इतरांच्या लग्नांचे फोटो काढले. स्टुडिओच्या भिंतीवर, नटलेल्या नवऱ्यामुलींच्या रांगेत, तो लाटेवरचा माणूस मात्र कायम होता.

"अहो, हे कोण?" गिऱ्हाईक विचारी.

"माझ्या सासरचे," आत्या शांतपणे म्हणे, "आपण जरा हनुवटी वर घ्या."

गेल्या वर्षी, शेवटच्या आजारपणात, ती हडपसरला माझ्याकडे होती. दुपारच्या उन्हात आम्ही तिचे फोटो पाहत बसायचो… एकदा मी विचारलं, "तुला कधी वाटलं नाही, आपणही त्या फळीवर उभं राहावं?"

"राहिले होते एकदा. बऱ्यापैकी लांब गेले." ती खिडकीकडे पाहून हसली. "पण कॅमेरा माझाच ना. फोटो काढणार कोण?"

आता तिचे सारे फोटो माझ्याकडे आहेत. एकेक भिंगाखाली धरून, कडेकोपरे शोधून पाहिले… त्यांत ती कुठेच नाही.