वादळानंतरची सुरमई

मालवणला जायचं आमचं दिवाळीच्याही आधी ठरलं होतं आणि एकदा ठरलं की मी मागे हटत नाही. हा माझा गुण आहे, असं मला २००९च्या त्या नोव्हेंबरापर्यंत वाटायचं. बुधवारी फयान वादळ गोव्याकडून वर सरकलं आणि सिंधुदुर्गाचा किनारा झोडपत रत्नागिरी, अलिबागच्या दिशेने गेलं. टीव्हीवर आडवे झालेले माड बघून सुधीर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "या वर्षी राहू दे." मी तरीही कुंदाकाकींना फोन लावला. गेल्या वर्षी मालवणच्या पुढे, तारकर्लीच्या वाटेवर आम्ही त्यांच्याच घरी राहिलो होतो.

"काकी, घराला काही झालं नाही ना? आम्ही येऊ ना?"

"येवा. कौलां गेली थोडी. घर आसा जाग्यार."

झालं तर मग, म्हणत मी सामान भरलं. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी आम्ही कोल्हापुरातून निघालो.

गगनबावड्यापर्यंत रस्ता झकास आहे. घाट सावकाश उतरा, वळणं अवघड आहेत. वैभववाडीला मिसळ खाल्ली (बरी होती, कोल्हापूरकरांनी फार अपेक्षा ठेवू नये). कणकवली, कसाल करत पाच तासांत मालवण आलं. कसालपर्यंत वादळाची फारशी खूण नव्हती. पुढे मात्र आंब्याची झाडं मुळासकट उपटून पडलेली, विजेचे खांब वाकलेले आणि शाळेचे पत्रे शेतात. बंदरावर ट्रॉलर एकमेकांवर चढले होते. फायबरच्या होड्या मधोमध फाटल्या होत्या आणि जाळ्यांत माडाच्या झावळ्या अडकून सगळ्याचा एकच गुंता झाला होता. मी फोटो काढले. भरपूर काढले.

मासळीबाजार जवळजवळ रिकामा होता. एका कोळणीकडे एकच सुरमई होती. मी घासाघीस करायला लागले तर ती म्हणाली, "गो बाय, दर्यात जाणारे थोडे आणि येणारे त्याहून थोडे. घेतलंस तर घे." मी घेतली आणि विजयी मुद्रेने काकींच्या हातात दिली.

काकींनी ती घेतली. घरामागे तीन दगडांची चूल मांडून, बाहेरच साफ करून, बाहेरच शिजवली. किती छान, मला वाटलं, अस्सल गावरान पद्धत! धुराचा वास लागलेलं ते सुरमईचं झणझणीत तिखलं मी दोनदा मागून घेतलं आणि असलं कोल्हापुरात मिळत नाही हो, असं तोंड भरून सांगितलं. काकी आणि त्यांची सून आत बसून पेज आणि लोणचं जेवल्या. मला वाटलं, शनिवारचा उपास असेल.

सकाळी किनाऱ्यावर काकींचे यजमान, तात्या, नुसते पाण्याकडे बघत बसले होते. मी उत्साहाने विचारलं, "तात्या, आज रापण ओढायची नाही?"

"झील दर्यात आसा," ते म्हणाले. "तो येयसर आमच्या चुलीर म्हावरा चढना नाय."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. वादळाच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा, म्हणजे त्या सुनेचा नवरा, दीपक तीन साथीदारांसह समुद्रात गेला होता. तो परत आला नव्हता. माणूस हरवलेला असेल तोवर घरच्या चुलीवर मासा चढवायचा नाही, हा त्यांच्या घराचा रिवाज. म्हणून माझी सुरमई बाहेर शिजली होती.

लाजेने मेल्यासारखं झालं. मी धावत घरी गेले. "काकी, फोनवर सांगायचंत ना! आम्ही आलोच नसतो."

"तुमी घराचा इचारल्यात," काकी तांदूळ निवडत म्हणाल्या. "मीया घराचा सांगलंय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्या पुढे म्हणाल्या, "गाडी आसा तुमची. माका देवगडाक व्हरशात?"

वाऱ्यात सापडलेल्या पुष्कळ होड्या देवगडच्या खाडीत शिरल्या होत्या. तिथल्या खलाशांना विचारायचं होतं. आचऱ्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने दोन तास लागतात. रस्ता खरं तर सुंदर आहे, पण त्या दिवशी मला त्याकडे बघवेना. वाटेत कुणकेश्वराला सुधीरने गाडी थांबवली, दर्शन घ्यायचं का म्हणून. काकी उतरल्या नाहीत.

"देवाक इचारून झाला. आता माणसांका इचारूया."

देवगडला जाळं शिवत बसलेल्या एका खलाशाने दीपकची होडी ओळखली. "वारो सुटलो तेवा ती आमच्या पाठी होती, काकी. मगे पावसात काय दिसाक नाय."

"इंजिन चालू होता?"

त्याने आमच्याकडे पाहिलं, मग काकींकडे. "चालू होता."

तो खरं बोलला की काकींसाठी बोलला, मला अजून ठरवता आलेलं नाही. परतताना काकी मधेच म्हणायच्या, "इंजिन चालू होता मां." सुधीर दर वेळी "हो" म्हणत होता.

कोल्हापुरात घरी आल्यावर मी सगळे फोटो पुसून टाकले. तुम्ही मालवणला जाणार असाल तर जरूर जा. रस्ते ठीक आहेत, खोल्या स्वस्त आहेत, माणसं अगत्याची आहेत. त्या अगत्याचाच मला अजून राग येतो, कारण माझ्यासारख्या बिनडोक माणसाला ते पोटभर जेवू घालतं. फोन कराल तेव्हा घराआधी माणसांचं विचारा, एवढंच.

जानेवारीत काकींचा मिस्ड कॉल आला. मी उलटा फोन लावला आणि या वेळी पहिलं दीपकचं विचारलं. त्या म्हणाल्या, "आज बांगडे शिजले. घरच्या चुलीर."

म्हणजे त्यांनी वाट बघणं सोडलं होतं. मी सून जेवली का, म्हणून विचारलं.

"ती नाय बसली पानार. मीया जेवलंय," काकी म्हणाल्या. "पयलो घास कोणीतरी घेवक व्हयो ना."