बाराच्या आत

आमच्या घोडपदेवच्या चाळीत कौसल्याताईंना सगळे घाबरतात, असं बोललं जातं. तसं काही नाही. त्या सांगितलेल्या वेळेला दारात येऊन उभ्या राहतात आणि आपलं काम झालेलं नसतं, एवढंच.

परळच्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली. साडेअकराला जेवणाच्या गाड्या वॉर्डांकडे निघायच्या. भात कच्चा राहिला, माणूस कमी आला, असली कारणं तिथे चालत नसत. ती सवय त्यांच्या अंगात राहिली आहे.

गेल्या वर्षीचा प्रकार त्यांच्या मनाला लागला होता. पावसाळ्याचे तीन महिने आम्ही रोज संध्याकाळी चाळीत ग्रंथवाचन करतो. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी वडाळ्याच्या बुद्धविहारातून भन्ते येतात आणि चाळ त्यांना भोजनदान देते. दुपारी बारानंतर भन्ते अन्न घेत नाहीत. हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. तरी गेल्या वर्षी कमिटीचा अध्यक्ष राजाराम याने जेवणाआधी बावीस सत्कार लावले. शाल, फूल आणि प्रत्येकाचे दोन शब्द. दोन शब्द म्हणून उठलेला माणूस दहा मिनिटं बसत नव्हता. सव्वाबारा झाले. भन्तेंनी पाणी घेतलं, आमचं मंगल चिंतलं आणि उपाशी निघाले. ताईंनी पहाटे उठून केलेली खीर आम्ही खाल्ली. मान वर करून कुणी खाल्ली नाही.

यंदा आमंत्रण द्यायला ताई स्वतः वडाळ्याला गेल्या. मी सोबत होतो. भन्ते हसून म्हणाले, "येईन की. चाळीत घड्याळ आहे ना?"

परतताना बसमधून उतरल्यावर ताई म्हणाल्या, "नाना, यंदा ते उपाशी गेले तर परत बोलवायला मला तोंड नाही."

कमिटीच्या बैठकीत त्यांनी सत्कार जेवणानंतर ठेवायला सांगितलं. राजाराम उसळला.

"अहो ताई, जेवण झालं की पाहुणे पळतात! मग शाली काय खांबांना घालू?"

"ज्याला शाल पाहिजे तो थांबेल."

"मोठ्या माणसांना असं कसं सांगायचं?"

"नंबर दे. मी सांगते."

"तुम्ही तर एकदम हेडबाई झालात."

"झाले. बस आता खाली."

मग त्यांनी बारापासून मागे मोजायला घेतलं. साडेअकराला भन्तेंचे हात धुऊन व्हायचे, तर पावणेअकराला ताट हातात पडलं पाहिजे. त्यासाठी साडेदहाला पातेली मंडपात. वंदना नऊला. हे सगळं त्यांनी जिन्याखालच्या भिंतीवर खडूने लिहिलं आणि प्रत्येक वेळेपुढे एकेका बिऱ्हाडाचं नाव घातलं. ताट भन्तेंच्या हातात देण्यापुढे नाव होतं राजारामचं. तो खूश झाला. मान मिळाला म्हणाला.

आधीच्या रविवारी त्यांनी तालीम घेतली. खिरीच्या पातेल्यात पाणी भरलं आणि मला व शेजारच्या सम्यकला ते तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायला लावलं. सम्यक बँकेत आहे. व्यायामशाळेत जातो. "काकू, जेवणाची कसली तालीम? लोक हसतील," म्हणाला. मी गोदीत ओझी वाहिली आहेत. मी पातेल्याचा कान धरला. पातेलं दोघांनी धरायचं आणि जिना एकाच्याच रुंदीचा. दुसऱ्या वळणावर पाणी सम्यकच्या पायावर सांडलं. खाली पोचायला नऊ मिनिटं लागली.

"हीच खीर उकळती असती तर?" ताईंनी विचारलं.

सम्यक हसला नाही. चुली खाली नळाजवळ मांडायचं त्याच दिवशी ठरलं.

पौर्णिमेला ताईंनी घरचं भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं आणि मंडपाच्या खांबाला बांधलं, माइकवर उभ्या राहणाऱ्याला समोर दिसेल असं. नऊला वंदना सुरू झाली. साडेदहाला पातेली जागेवर होती.

दहा चाळीसला राजारामचे मोठे पाहुणे गाडीतून उतरले. मागे चार माणसं, हातात हार. राजारामला राहवलं नाही. तो थेट माइककडे गेला. "आपल्या सर्वांचे लाडके..." त्याने सुरुवात केली.

ताई धावल्या नाहीत. वाढलेलं ताट घेऊन त्या त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"राजाराम, हात पुढे कर."

"दोनच मिनिटं, ताई."

"गेल्या वर्षीही दोनच होती."

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. राजारामने समोर घड्याळाकडे पाहिलं. माइक खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी ताट धरलं. ताटासकट बोलता येत नाही. तो भन्तेंकडे चालू लागला आणि त्याच्यामागे भात, वरण, भाजी घेऊन एकेक बिऱ्हाड रांगेने निघालं. पाहुणेही हार खुर्चीवर ठेवून रांगेत शिरले. त्यांना पापडाची टोपली मिळाली.

अकरा वीसला भन्तेंचं ताट रिकामं झालं. ताई खांबाजवळ उभ्या होत्या. नजर घड्याळावर.

भन्तेंनीही घड्याळाकडे पाहिलं. "अजून वेळ आहे," म्हणाले आणि खिरीची वाटी पुढे केली.

ताईंनी स्वतः वाढली. थेंब बाहेर पडला नाही. भन्तेंनी हात धुतले तेव्हा साडेअकराला दोन मिनिटं होती.

मग ताईंनी खांबावरचं घड्याळ सोडून काखेत घेतलं आणि राजारामला म्हणाल्या, "बोल आता. पाहिजे तेवढं बोल."

नळावर पातेली घासायची होती. त्या तिकडे गेल्या.