बोर्डाखालची खुर्ची

हुबळी-धारवाडात विजेवर खरा हुकूम चालवणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो वीज खात्यात नव्हता. ते माझ्या आत्याचे यजमान. मी त्यांना आतोबा म्हणते. हुबळीला केशवापुरातल्या त्यांच्या घरात बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती. तिच्यावर काळा मेन स्विच आणि चिनी मातीच्या फ्यूजची रांग, म्हाताऱ्याच्या दातांसारखी पिवळी पडलेली. फळीच्या खाली आतोबांची खुर्ची. सगळ्या घराचा भार त्या फळीला एकदम सोसत नसे, म्हणून आतोबांनी नियम घालून दिला होता: एका वेळी एकच. आत्या स्वयंपाकघरातून हाक द्यायची, "मिक्सर लावू का?" आतोबा क्षणभर डोळे मिटून घराचा अंदाज घ्यायचे आणि म्हणायचे, "थांब, फ्रीज सुरू झालाय. शांत होऊ दे." मग चटणी थांबायची, फोडणी थांबायची, जेवायला बसलेला माणूसही थांबायचा. घरात माणसं दोनच, पण कारभार असा की रेल्वे स्टेशन वाटावं.

शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, आतोबा फ्यूजच्या तारेचं वेटोळं ठेवत. लग्नालाही तेच. म्हणजे गेले असते तर. बेळगावच्या लेकीकडे वास्तुशांत होती तेव्हाही ते गेले नाहीत. "बोर्ड सोडून कसा येऊ?" असं त्यांनी फोनवर अशा आवाजात सांगितलं की पलीकडे लेकीला वाटलं, घरात कोणी आजारी आहे. तिचं तसं फार चुकलं नाही. दिवसातून कितीदा तरी ते उठून, पोराचा ताप बघावा तसा, हाताचा मागचा भाग फळीला लावून बघायचे. फळी कोमट लागली की गीझर बंद. जावई एकदा न विचारता इस्त्री लावून बसले आणि घर अंधारलं, तेव्हा आतोबा स्टुलावर चढले ते जवळजवळ आनंदानेच. तार गुंडाळताना वरूनच म्हणाले, "पाहुण्यांचा दोष नाही. सांगायला हवं होतं, माझंच चुकलं." जावई त्यानंतर चुरगळलेल्या शर्टातच यायला लागले.

मी धारवाडला सप्तापुरात खोली घेऊन राहते. रविवारी बसने केशवापूरला यायचं आणि आतोबांशी भांडायचं, हा माझा शिरस्ता. स्वतःच्या घरात बाईने मिक्सरसाठी परवानगी मागायची, याची मला चीड येई. मी ते तसंच बोलून दाखवी. जुनी वायरिंग, अर्थिंग नाही, फळी तापते, भार वाढला की आपोआप बटण पडतं तो एमसीबीचा नवा बोर्ड बसवा, हे मी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी माझा आवाज मलाच कंटाळवाणा वाटू लागला. आतोबा शांतपणे ऐकून म्हणायचे, "पुढारीणबाई, भाषण झालं असेल तर पंखा बंद करा. तुमच्या आत्याला गीझर हवाय." मी पंखा बंद करायची आणि घामाघूम होऊन चहा प्यायची.

त्यांच्या या हट्टाचं खरं कारण मला ठाऊक होतं, आत्यालाही होतं. दुर्गदबैलच्या बाजारातलं त्यांचं कापडाचं दुकान पुतण्यांनी हातात घेतलं होतं. आतोबा सुरुवातीला जात असत, पण तिथे आता त्यांना कोणी काही विचारत नसे. गिऱ्हाइकालाही पुतण्या म्हणे, "अप्पांना त्रास नको, मी दाखवतो." तेव्हापासून ते घरी बसले, आणि बसले ते बोर्डाखाली. घरात त्यांना विचारावं लागत होतं.

मग एका सकाळी आत्याला न्हाणीघराच्या नळाचा झटका बसला. गीझर चालू होता. हातातला तांब्या पडला, ती भिंतीला टेकून खाली बसली. आतोबा धावत गेले, पण भीतीपोटी तोंडून निघालं ते भलतंच. "ओला हात लावला असशील."

"आंघोळीला कोरडा हात कुठून आणू?" आत्या म्हणाली.

तेवढंच. त्यानंतर तिने काही लावायला विचारलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणी गॅसवर, चटणी पाट्यावर, कपडे हाताने. मी आयुष्यभर बंद आणि बहिष्काराची पत्रकं वाचत वाढले, पण असा बिनघोषणेचा बंद पाहिला नव्हता. आतोबा खुर्चीत कान देऊन बसायचे. एकदा न राहवून त्यांनीच हाक दिली, "अगं, मिक्सर लावायचा असेल तर लाव. सगळं मोकळं आहे."

"नको," आत आवाज आला, आणि वरवंट्याची घरघर चालू राहिली.

रविवारी मी गेले तेव्हा ते फळीला हात लावून उभे होते. "बोर्ड गार पडलाय," म्हणाले. मी भांडणाच्या तयारीने आले होते, पण त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "तुझ्या ओळखीचा तो वायरमन आहे ना, त्याला बोलाव."

बसण्णा आला, त्याने फळी उतरवली आणि मागची करपलेली भिंत बघून कानडी हेलात म्हणाला, "सावकार, इतके दिवस घर पेटलं नाही म्हणजे मारुतीची कृपा."

"कृपा नाही. लक्ष होतं," आतोबा म्हणाले.

अर्थिंगसकट काम उरकायला दोन दिवस लागले. झाकणाचा पांढरा बोर्ड बसला आणि बसण्णाने आत्याला गीझर, मिक्सर, इस्त्री, सगळं एकदम लावायला सांगितलं. घर नुसतं घुमायला लागलं. आतोबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "एनू आगूदिल्ल री," बसण्णा अभिमानाने म्हणाला, काही म्हणजे काही होत नाही.

"आणि पडलं बटण तर?"

"वर करायचं. अक्का पण करतील."

आतोबांनी मान हलवली. खिशातलं तारेचं वेटोळं काढून त्यांनी बसण्णाला दिलं. त्यानेही ते भंगारासोबत पिशवीत टाकलं. मी जिंकले होते. जिंकल्यावर माणूस इतका दमतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या खेपेला गेले तर बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. आतोबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्या घरात मी त्यांना तिथे कधी पाहिलं नव्हतं. गीझर चालू होता, मिक्सर चालू होता, आत्या आपल्या नादात होती. मिक्सर थांबल्यावर ते म्हणाले, "काही करायचं आहे का?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग टोपलीतली कोथिंबिरीची जुडी उचलून पुढे केली. "एवढी निवडून द्या. घाईची आहे."

ते जमिनीवर बसले. एकेक काडी उजेडाकडे धरून बघत होते, शंका आली की आत्याला दाखवत होते. "ही चालेल?" "चालेल." "आणि ही?" मी पाणी घ्यायला फ्रीज उघडला. वरच्याच कप्प्यात मोठा डबा होता, निवडलेल्या, धुतलेल्या कोथिंबिरीने काठोकाठ भरलेला. आत्याने माझ्या खांद्यावरून हात घालून फ्रीजचं दार हळूच लावून घेतलं.