खिडक्या उघडून बघितलेलं घर

कुठल्याही घरात शिरले की टकटकराव आधी खिडक्या उघडत. चप्पल काढायची, खिडक्या उघडायच्या आणि मग पिशवीतून बॅटरी, उतार बघायची बुडबुड्याची लेव्हल आणि लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढायचा, असा त्यांचा क्रम. लोकांनी घर विकत घेण्याआधी ते आतून धड आहे की नाही हे तपासून द्यायचं, हा त्यांचा धंदा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंती आणि फरश्या ठोकत फिरायचे म्हणून दलालांनी त्यांना हे नाव ठेवलं. खरं नाव घरात फक्त बायकोला ठाऊक, आणि ती "अहो" म्हणत असल्यामुळे त्याचा तसा काही उपयोग नव्हता.

माणूस तापट. आणि का नसावा? जन्म गेला इतरांची लबाडी शोधण्यात. तडा दिसू नये म्हणून त्यावर कॅलेंडर टांगणारे लोक त्यांनी पाहिले होते. नळाला पाणी नाही हे कळू नये म्हणून "आत्ताच टाकी धुतली" सांगणारे पाहिले होते. त्या थंडीत मात्र त्यांच्या रागाला दोन नवी गिऱ्हाइकं मिळाली. एक कंपनीने हातात दिलेला टॅब आणि दुसरं लेकीने घरी आणून लावलेलं एक पांढरं डबडं.

टॅबचा तमाशा एके दिवशी सकाळीच झाला. विकायला काढलेल्या एका फ्लॅटमध्ये शिरून त्यांनी खिडक्या उघडल्या. झोपायच्या खोलीत तीन भिंती जुन्या रंगाच्या आणि एकच कोरी करकरीत. टकटकरावांनी त्या भिंतीला तळहात लावला. गार. मुठीने ठोकली, तर आतून पोकळ बोलली, म्हणजे नव्या रंगाखाली ओल. टॅबने तिचा फोटो काढला आणि हिरवी खूण करून टाकली, "उत्तम".

"रंगाला उत्तम म्हणतंय हे!" ते दलालावर ओरडले. "भिंतीला विचारलं का कुणी?"

त्यांनी ऑफिसात फोन लावला. साहेब मुलीच्या वयाचा. म्हणाला, "काका, हिरवं आलंय ना? मग पुढे चला."

यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि ओल आमच्या माथी! घर घ्यायला आलेल्या जोडप्याला त्यांनी सरळ सांगून टाकलं, "वरून कीर्तन आतून तमाशा आहे. ही भिंत आधी उकरून घ्या, मग सही करा." दलालाने दिवसभर तोंड पाडलं.

शास्त्राशी त्यांचं भांडण नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. लेव्हलमधला बुडबुडा म्हणजे शास्त्रच की. पाणी उताराकडे जातं, गरम हवा वर जाते, यावर तर त्यांची चूल पेटायची. राग होता तो यंत्राने सांगितलं म्हणून डोळे मिटून घेणाऱ्यांवर. असं ते चारचौघांत म्हणत आणि लोक माना डोलवत.

आता ते डबडं. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर गॅसचा गिझर होता आणि त्यातला जळका वायू बाहेर जायला वरून एक पाइप काढलेला होता. तो वायू नीट बाहेर गेला नाही तर घरात साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, आणि तरीही तो तिथेच बसून राहिला तर उठत नाही. हे टकटकरावांना न कळायला ते काय दूधखुळे होते? असे किती गिझर त्यांनी लोकांच्या घरांतून बंद करवले होते. गेले काही आठवडे स्वयंपाक करताना बायकोचं डोकं चढायचं. यांनी निकाल दिला, "चष्म्याचा नंबर वाढलाय." लेकीला ते पटलं नाही. तो वायू ओळखून बोंब मारणारं यंत्र तिने आणलं आणि ओट्याच्या बाजूला ठोकलं.

यंत्र वाजायचं. पण हे घरी नसताना. बायको फोन करायची, हे तावातावाने यायचे, सवयीने खिडक्या उघडायचे, काडी ओढून विझवायचे आणि तिचा धूर गिझरखाली धरायचे. धूर शहाण्या मुलासारखा वर पाइपात जायचा. डबडं गप्प.

"बघ! हातच्या काकणाला आरसा कशाला? मी आलो की याची वाचा बसते. तुला एकटीला गाठून ओरडतं का हे?"

"मग डोकं का दुखतं माझं?"

"वय झालं, दुसरं काय!"

तिसऱ्या खेपेला त्यांनी यंत्रातले सेल काढले आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. निदान तिथे उपयोगी पडतील म्हणाले. बायकोने पराचा कावळा केला नाही. नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ते बघणं त्यांना मुळीच आवडलं नाही, पण ते त्यांनी कबूल केलं नाही.

तर त्या ओल्या भिंतीच्या दिवशी ते संध्याकाळी धुमसतच घरी आले. टॅबचा उद्धार करत चप्पल काढली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले. खाली काचेच्या ताटलीचे तुकडे पडलेले. बायको स्टुलावर बसलेली, चेहरा पांढराफटक, एक हात ओट्यावर घट्ट. यंत्र भिंतीवर, आत परत घातलेले सेल. मागे टेबलावर रिमोट उघडा पडलेला.

"काय झालं गं?"

"चक्कर आली. ओटा धरला म्हणून वाचले."

ते धावत खिडकीकडे गेले.

"हात लावू नका त्या खिडकीला!"

इतक्या वर्षांत तिचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. हात हवेतच राहिला.

"मी मघाशीच गिझर, शेगडी सगळं बंद केलं, खिडकी उघडून वारा घेतला. आता परत लावते. मी रोज लावते तसं. तुम्ही नुसते उभे राहून बघा."

तिने खिडकी आधीच परत ओढून घेतली होती, कारण ती उघडी असली की वाऱ्याने शेगडी विझायची. फोडणीचा धूर बाहेरच्या खोलीत जाऊ नये म्हणून दार लावलं. एक्झॉस्ट फॅन सुरू केला. भांड्यांसाठी गरम पाणी सोडलं, गिझर भपकन पेटला.

"ओढा काडी."

टकटकरावांनी काडी ओढली, विझवली, धूर गिझरखाली धरला. धूर जरा घुटमळला आणि मग वळून थेट त्यांच्या तोंडावर आला.

त्यांना सगळं एका झटक्यात कळलं. दार बंद, खिडकी बंद, आणि फॅन आतली हवा बाहेर फेकतोय. फेकलेल्या हवेच्या जागी दुसरी हवा यायला वाट एकच उरली होती, त्या पाइपातून, आणि येताना ती वायूला सोबत घेऊन येत होती. गरम हवा वर जाते म्हणे! त्यांनी दुसरी काडी ओढली. पुन्हा तोंडावर. थोड्याच वेळात डबडं किंचाळायला लागलं.

तिने गिझर बंद केला, दार खिडकी सताड उघडली. यंत्र बराच वेळ ओरडत होतं. त्यांना कुणावर तरी ओरडायचं होतं.

"हा पाइप कुठल्या गाढवाने काढलाय? आणि समोर फॅन कुणी बसवला?"

"तुम्हीच उभे राहून बसवून घेतलात. खिडक्या उघड्या टाकून."

"अगं, पण मी दर वेळी तपासलं होतं..."

"तपासलंत हो!" आता तिचा बांध फुटला. "जगाची घरं उघडून बघता, हेही तसंच बघितलंत. खिडक्या उघडून आम्ही स्वयंपाक करतो का? मी मरत होते इथे, आणि तुम्ही माझं वय मोजत होतात! भिंतीला हात लावून विचारता ना, आतून कशी आहेस म्हणून? मला विचारलंत कधी?"

सकाळी त्या पोरगेल्या साहेबाला घातलेल्या शिव्या टकटकरावांना एकेक करून आठवल्या.

त्यांनी गिझरचा कॉक बंद केला आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. लेकीला फोन लावून एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला डॉक्टरकडे नेतोय, तू तिथेच ये." तोवर बायको काचा उचलायला वाकली. त्यांनी तिला हाताला धरून बाहेर मोकळ्या हवेत बसवलं, काचा स्वतः वेचल्या आणि ती सावरून चप्पल घालेपर्यंत साठलेली भांडी घासायला घेतली. पाणी बर्फासारखं गार होतं. बोटं बधिर झाली, तरी ते घासत राहिले.