बांगडी चढेना

आधी पाय आणि मग तोंड बघणारी बाई अख्ख्या पुण्यात एकच, आणि ती नेमकी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत राहते. प्रसूतिगृहात उभा जन्म घालवून निवृत्त झालेल्या या सिस्टर. निवृत्त कसल्या म्हणा! बीपीचं मशीन अजून भाजीच्या पिशवीत, कोथिंबिरीखाली. लिफ्टमध्ये कुणी पोटुशी दिसली की "कितवा गं?" आणि तिसरा मजला येईपर्यंत दंडाला पट्टा. एक नवरा मध्येच म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे." "तुम्हाला कोणी विचारलं? तुमचं पोट नुसतंच सुटलंय!" बायका त्यांना टाळायच्या. मीही टाळायची.

पण माझ्या लेकीच्या, मुग्धाच्या डोहाळजेवणाला शेजारधर्म म्हणून बोलवावंच लागलं. आठवा महिना, हिरवी साडी, अंगावर फुलांचे दागिने. चुडा भरायला घेतला, तर बांगडी चढेना. आठवड्यापूर्वी माप देऊन आणलेल्या बांगड्या! मी साबण आणला. माझ्या नणंदबाई हसल्या, "आईनंच बाळसं धरलंय!"

सिस्टर कोपऱ्यातून उठल्या. "डोकं दुखतंय का गं?"

"सकाळपासून," मुग्धा हळूच म्हणाली. "डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." कार्यात विघ्न नको म्हणून पोरीनं मला सांगितलंच नव्हतं.

मला मेली त्या सिस्टरांचीच चीड आली. "अहो, ओटी तरी भरू द्या. सूज यायचीच. आम्हाला नव्हती आली?"

"आली आणि वाचलात, म्हणून बोलताय. ज्या नाही वाचल्या, त्या इथं जेवायला आलेल्या नाहीत."

पट्टा बांधला, आकडा बघितला आणि सिस्टरांचा चेहरा उतरला. तो तसा मी कधी पाहिला नव्हता. फुलांच्या दागिन्यांसकट मुग्धाला गाडीत घातलं. संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं. उशीर झाला असता तर झटके आले असते, असं डॉक्टर म्हणाले. नात काचेच्या पेटीत होती, पण दोघी जगल्या.

चौथ्या दिवशी पेढे घेऊन सिस्टरांकडे गेले. नातीचं वजन, नाक, जावळ, सगळं सांगत सुटले.

"बरं. मुग्धाचं बीपी आज किती?"

चार दिवस मी त्या पेटीपाशीच उभी होते.

"बाळंत झाली म्हणजे सुटली, असं नसतं हो," त्या म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात, की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

तिथूनच मुग्धाला फोन लावला, बीपी किती ते विचारलं. ती म्हणाली, "आई, बाळाला सोडून माझं विचारणारी घरातली तूच पहिली."

प्रश्न सिस्टरांचा होता, हे सांगायला हवं होतं. त्या समोरच उभ्या होत्या. मी मात्र "गोळ्या वेळेवर घे गं" म्हणून फोन ठेवला.