तांदळात लिहिलेलं नाव

...नाय रे बाबू, कुंडीतलं ते झाड मेलं नाय. तिवर आहे तो, खाडीच्या चिखलातला. गोडं पाणी घातलंस तर रुसतो. तांब्यात चिमूटभर मीठ टाक नि मग ओत. आता पान चाटून बघ. खारट लागलं ना? मीठ पितो आनि पानातून बाहेर टाकतो. हे तो कसं करतो, त्यावर आपल्या समोरच्या सुलक्षणानं तरुणपण घातलं. हसू नको, लिही.

तेव्हा ती सुलक्षणा नव्हती. शकुंतला धाकू परब. बाप गिरणीत, आनि ही पोर होडीनं मनोरीला जाऊन गुडघाभर चिखलात तिवराची पानं खुडायची. कोळणी विचारायच्या, "गो बाय, भाजी करतंस काय ह्याची?" तिवरावरचं तिचं लिखाण बाहेरदेशी छापून यायचं. त्या लोकांत रीत अशी, की कुणाच्या कामाचा आधार घेतला तर त्याचं नाव खाली द्यायचं. आनि कुणाचं नाव किती जणांनी दिलं, त्याचं जाडं पुस्तक निघतं. त्यात परब नावाखाली ओळीच्या ओळी! शकु घरी येऊन सांगायची, "बाबा, जपानच्या माणसानं आपलं नाव घेतलं." धाकू चाळभर सांगत सुटायचा.

मग लग्न झालं. सहदेव राण्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं, सुलक्षणा. सासूची हौस. पेढे वाटले. आपल्यात पोरीचं सगळंच बदलतं रे, स्वतःचं नाव, बापाचं, आडनाव पण. जुनं काम सुटलं, लेक झाली. बऱ्याच वर्षांनी ती तसल्याच संशोधनाच्या एका संस्थेत लागली, पण हंगामी. हंगामी माणसाचे कागद कोण बघतो? दोन निबंध लिहिले राणे नावानं, घरचं करता करता. त्यांना कुणी विचारलं नाय.

सत्त्याऐंशी साली तिथे कायमची जागा निघाली. ती मिळाली नसती तर हंगामी नोकरी पण जाणार होती. साहेबानं पुस्तक उघडलं. "राणेबाई, तुमचं नाव कुणीच घेतलेलं नाही."

"साहेब, ती एस. परब मीच."

"एस. परब मुंबईत ढीगभर असतील. नाव बदलल्याचा कागद आहे?"

कागद कुठला? तांदूळ तर दुसऱ्याच दिवशी शिजवून खाल्ले.

साहेब म्हणाला, नवऱ्याला कोर्टात नेऊन लिहून आणा, महिना देतो. सहदेव म्हणाला, "आईनं हौसेनं ठेवलेलं नाव. आता कोर्टात उभा राहून सांगू, माझी बायको दुसरीच कोण आहे म्हणून?" सासू आतून ओरडली, "माहेरचं नाव एवढं गोड, तर माहेरीच जाऊन बस!"

"अहो, एक सही फक्त."

"बघू."

बघू बघूत महिना गेला. सहदेव वाईट नव्हता रे. वाईट असता तर भांडली तरी असती.

जागा चंद्रप्रकाशला मिळाली. तिच्याच टेबलाशेजारचा पोरगा, गुणी. पेढे घेऊन घरी आला. मी तिथेच तांदूळ निवडत बसलेले.

"राणेबाई, खरं सांगू? माझं सगळं काम त्या एस. परबच्या कामावर उभं आहे ना. बाई होती म्हणे. दर निबंधात तिचं नाव देतो. मधेच लिहायची थांबली. कुठे गेली असेल हो?"

तिनं चहात साखर घातली. ढवळत राहिली, ढवळत राहिली.

"लग्न झालं तिचं."

"अरेरे! वाट लागली म्हणजे. फार हुशार होती यार."

"होती," सुलक्षणा म्हणाली.

तो गेला नि तिनं खिडकीत जपलेली ही तिवराची कुंडी माझ्या दारात आणून ठेवली. मी म्हटलं, "अगं, त्याला सांगायचं ना, ती मी म्हणून!"

"काय सांगू काकी? शकुनं केलं ते सगळं. सुलक्षणानं काय केलं? डबे."

तेव्हापासून बाय खिडकीशी बसून असते. लेक हाक मारते, नवरा हाक मारतो, ऐकूच जात नाय तिला. मनोरीचं नाव काढलं तर उठून आत जाते.

आता लिहिणं पुरे. झाडाला नवं पान आलंय बघ. ही कुंडी समोर नेऊन तिला दे, नि सुलक्षणाकाकी म्हणू नको हां. शकुमावशी म्हणून हाक मार. ओ नाय दिली तर परत एकदा मार. तरी नाय दिली, तर कुंडी दारात ठेव, आनि ही मिठाची पुडी पण.